ल्युपसवरची कार-टी बातमी: ‘सीडी१९’ नेमकं काय आहे, आणि ते सगळ्या पेशींवर का नसतं?

परवा रात्री पावणेबारा वाजता मावसबहिणीचा मेसेज आला. आधी एक रील, खाली तिचा आवाज: “दादा, हे खरं आहे का? खरं असेल तर मी यासाठी थांबू? की आत्ताच गोळ्या बंद करून टाकू?”

रीलमध्ये रुग्णालयातल्या पलंगावर बसलेली एक हसरी परदेशी मुलगी होती आणि तिच्यावर ठळक पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘ल्युपस एका इंजेक्शनमध्ये कायमचा बरा!’ बहिणीला २०१९ पासून ल्युपस आहे. तेव्हा ती १९ वर्षांची होती. सांधे सुजायचे, उन्हात गेलं की गालांवर लाल चट्टे उठायचे, आणि मग एकदा लघवीच्या तपासणीत प्रथिन जास्त आलं, तेव्हा डॉक्टरांनी किडनीचं नाव काढलं. तिच्यासाठी ही रील टाईमपास नव्हती. रीलच्या भरवशावर तिनं गोळ्या खरंच बंद केल्या असत्या, तर पुढे घरात काय झालं असतं याचा मला चांगला अंदाज आहे.

तिला लगेच एवढंच लिहिलं, “गोळ्या बंद करू नकोस. बाकीचं सांगतो.” मग दोन दिवस वाचत बसलो. मी डॉक्टर नाही, तंत्रज्ञानावर लिहिणारा माणूस आहे. पण ही बातमी समजून घ्यायची तर औषधाच्या नावापेक्षा एका पेशीची गोष्ट जास्त कामाची आहे, असं वाचता वाचता लक्षात आलं. तीच इथे सांगतो.

बातमी खरी आहे, पण अर्धी

रीलच्या मुळाशी असलेली बातमी खोटी नाही. जर्मनीत एरलांगेनच्या विद्यापीठ रुग्णालयात गेऑर्ग शेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च २०२१ मध्ये २० वर्षांच्या एका मुलीवर कार-टी उपचार केले. तिचा आजार तोपर्यंतच्या औषधांना दाद देत नव्हता. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यावर ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक छोटं टिपण आलं. २०२२ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये पाच रुग्णांचा अहवाल आला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये १५ जणांचा. या १५ पैकी ८ जणांना ल्युपस होता, बाकीच्यांना त्याच जातकुळीतले स्नायूंचे किंवा त्वचेचे आजार. आठही जणांचा ल्युपस शांत झाला आणि प्रतिकारशक्ती दाबणारी त्यांची औषधं थांबवता आली.

कार-टी म्हणजे काय? रुग्णाच्याच रक्तातून टी पेशी काढतात, प्रयोगशाळेत त्यांना एक नवं जनुक देतात, आणि त्यामुळे त्या पेशींना एक ठरावीक प्रथिन ओळखता येऊ लागतं. मग त्या परत रक्तात सोडतात. ते प्रथिन अंगावर असलेली पेशी भेटली की तिला मारून टाकायचं, एवढंच त्यांचं काम. त्याआधी शरीरात जागा करण्यासाठी काही दिवस केमोथेरपी द्यावी लागते, नंतर रुग्णालयात लक्ष ठेवावं लागतं. रीलमधल्या ‘एका इंजेक्शन’मध्ये हे सगळं गाळलेलं असतं.

एरलांगेनच्या डॉक्टरांनी निवडलेलं प्रथिन होतं सीडी१९. ते बी पेशींवर असतं. बी पेशी म्हणजे अँटिबॉडी, आपल्या पाठ्यपुस्तकातलं प्रतिपिंड, बनवणाऱ्या पेशींचं कूळ. ल्युपसमध्ये हे कूळ स्वतःच्याच डीएनएविरुद्ध अँटिबॉडीज बनवत सुटतं, त्या किडनीत, त्वचेत, सांध्यांत जाऊन अडकतात आणि तिथे जळजळ होते. मग सीडी१९ असलेल्या सगळ्या पेशी संपवल्या की आजार थांबला. सरळ हिशेब वाटतो.

पण मी इथेच अडकलो. त्या रुग्णांच्या रक्तातून बी पेशी सरासरी ११२ दिवस गायब होत्या. डीएनएविरुद्धच्या अँटिबॉडीज गेल्या. पण गोवर, धनुर्वात यांच्या लहानपणीच्या लशींमुळे तयार झालेल्या अँटिबॉडीज बऱ्याच अंशी जशाच्या तशा राहिल्या. अँटिबॉडी बनवणारं कूळच उडवलं, तर या उरल्या कशा? अँटिबॉडी काही वर्षानुवर्षं टिकत नाही, रक्तातली नेहमीची अँटिबॉडी काही आठवड्यांत निम्मी होते. म्हणजे कोणीतरी त्या अजून बनवत होतं. आणि त्या ‘कोणीतरी’च्या अंगावर सीडी१९ नव्हतं.

मजकूर तोच, निरोप वेगळा

आपल्या बहुतेक सगळ्या पेशींत डीएनए तोच असतो, हे शाळेत शिकलोय. पेशी कुठलं प्रथिन बनवणार, हे त्यातलं कुठलं पान उघडलं जातं यावर ठरतं. आणि बी पेशीच्या बाबतीत पान उघडायला सांगणारे बहुतेक निरोप बाहेरून येतात.

पहिला निरोप शत्रूचाच. विषाणूचा तुकडा बी पेशीच्या अंगावरच्या रिसेप्टरला चिकटतो. इथे सीडी१९ चं खरं काम कळतं. ते त्या रिसेप्टरच्या शेजारी बसून सिग्नल मोठा करतं, म्हणजे थोडासा तुकडा चिकटला तरी पेशीला ऐकू यावं. थोडक्यात, सीडी१९ हे ऐकण्याचं साधन आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण एवढ्यावर बी पेशी सहसा हलत नाही. तिला टी पेशीची संमती लागते. मदतनीस टी पेशीच्या अंगावर सीडी४० लिगँड नावाचं प्रथिन असतं, ते बी पेशीच्या सीडी४० ला टेकतं. हा दुसरा निरोप किती महत्त्वाचा, हे तो ज्यांना मिळत नाही त्यांच्याकडे पाहून कळतं. सीडी४० लिगँडचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. काही मुलगे त्यात बिघाड घेऊन जन्माला येतात. त्यांच्या शरीरात बी पेशी असतात, पहिल्या टप्प्याची अँटिबॉडी आयजीएमही असते, कधी नेहमीपेक्षा जास्तच. पण आयजीजी, आयजीए नीट तयार होत नाहीत. त्यामुळे ही मुलं वारंवार न्यूमोनियानं आजारी पडतात. ‘हायपर आयजीएम’ असं या आजाराचं नाव, आणि त्याचं जनुक १९९३ मध्ये सापडलं. बी पेशीत स्वतःत काहीच बिघाड नाही. कारखाना धडधाकट आहे, फक्त ‘पुढचा माल बनवा’ हा निरोपच पोचत नाही.

तिसरे निरोप म्हणजे सायटोकाईन. ही छोटी प्रथिनं असतात, पेशी एकमेकींना पाठवतात. कुठली अँटिबॉडी बनवायची हे यांच्यावर बरंच ठरतं. आयएल-४ मिळालं तर बी पेशी आयजीईकडे वळते. हीच ती ॲलर्जीवाली अँटिबॉडी. आतड्याच्या आसपास टीजीएफ-बीटा मिळालं की आयजीए, म्हणजे आतड्याच्या आणि श्वासनलिकेच्या अस्तरावर पहारा देणारी.

गंमत म्हणजे हा बदल करताना पेशी स्वतःच्या डीएनएमध्ये कात्री चालवते. मधला भाग कापून फेकून देते आणि टोकं जोडते. त्यासाठी लागणारं एआयडी नावाचं एन्झाईम जपानच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. त्यांना पुढे २०१८ चं नोबेल मिळालं ते मात्र वेगळ्या कामासाठी. फोनमध्ये डिलीट केलेला फोटो ३० दिवस ट्रॅशमध्ये तरी राहतो. इथे ट्रॅश नाही. आयजीईकडे वळलेली बी पेशी पुन्हा आयजीएमवर येऊ शकत नाही.

जाता जाता माझं सांगतो. गेल्या वर्षी शिंका थांबेनात म्हणून तपासणी केली, तर एका ॲपवर रिपोर्ट आला, आयजीई लाल रंगात, वर बाण. आणि लगेच खाली जाहिरात: ‘इम्युनिटी वाढवणारं पॅकेज, आजच घ्या.’ माझी इम्युनिटी कमी नव्हती हो! माझ्या बी पेशींना परागकणांबद्दल नको तो निरोप मिळाला होता आणि त्या इमानेइतबारे नको ती अँटिबॉडी बनवत होत्या. तिला आणखी वाढवून काय करू? डुपिलुमॅब नावाचं औषध, अमेरिकेत २०१७ मध्ये तीव्र एक्झिमासाठी मंजूर झालेलं, नेमका आयएल-४ आणि आयएल-१३ यांचा निरोप अडवतं. मला त्याची गरज पडली नाही, साध्या गोळीवर भागलं. पण ‘इम्युनिटी’ हा आवाजाच्या बटणासारखा कमी-जास्त करायचा आकडा असल्यासारखं बोलणाऱ्या प्रत्येक जाहिरातीवर तेव्हापासून माझा राग आहे.

पेशीचं लग्नघर होतं तेव्हा

आता गोष्टीचा मुख्य भाग. बी पेशीला शत्रू दिसला, टी पेशीची संमती आली, वर आयएल-२१ सारखे निरोप आले, की तिच्यापैकी काही पेशी एक मोठा निर्णय घेतात. त्या प्लाझ्मा पेशी होतात. म्हणजे अँटिबॉडीचा पूर्णवेळ कारखाना. एक प्लाझ्मा पेशी सेकंदाला हजारो अँटिबॉडीज बाहेर सोडते.

लग्नघराचं स्वयंपाकघर आठवा. नेहमीचा गॅस, कुकर, डबे बाजूला सारले जातात, अंगणात चुली लागतात, हंडे येतात, आणि घरातल्या रोजच्या कामांना कोणी विचारत नाही. प्लाझ्मा पेशीतही तसंच होतं. निरोपांमुळे ब्लिंप-१ नावाचं एक नियंत्रक प्रथिन वर येतं. बी पेशीला बी पेशी ठेवणारा पॅक्स-५ नावाचा जुना कारभारी असतो, त्याला ते गप्प करतं. पॅक्स-५ गप्प झाला की त्याच्या हुकमावर चालणारी प्रथिनं हळूहळू बंद होतात. सीडी१९ त्यातलंच एक. कारण सरळ आहे, ऐकण्याची गरज संपली. पंगत बसली आहे, आता फोन कोण उचलणार?

दुसरीकडे एक्सबीपी-१ नावाचं प्रथिन कामाला लागतं आणि पेशीच्या आतलं प्रथिनं घडवण्याचं जाळं कितीतरी पट पसरवतं. अँटिबॉडीही बदलते. आधी तिला एक शेपूट असायचं, त्यानं ती पेशीच्या भिंतीत रुतून रिसेप्टरचं काम करायची. आता त्याच जनुकाचा संदेश वेगळ्या ठिकाणी कापला जातो, शेपूट गळतं आणि अँटिबॉडी सुटी होऊन रक्तात जाते. एकच जनुक, दोन शेवट. मला वैयक्तिकरीत्या या सगळ्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात आवडली.

इतका माल काढणाऱ्या कारखान्यात कचराही तेवढाच होतो. बिघडलेली प्रथिनं सतत मोडीत काढावी लागतात. बोर्टेझोमिब हे २००३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं औषध हा मोडीचा विभागच बंद पाडतं. प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगात, म्हणजे मल्टिपल मायलोमात ते चालतं, आणि त्यामागे हा भार हे एक मोठं कारण आहे.

आता प्लाझ्मा पेशी दोन तऱ्हेच्या असतात. बऱ्याचशा अल्पायुषी. निरोप येत राहिला तोवर काम करतात, काही दिवसांत किंवा आठवड्यांत मरतात. नव्यानं घडलेल्या असल्यामुळे यातल्या पुष्कळांच्या अंगावर सीडी१९ अजून शिल्लक असतं. थोड्या पेशी मात्र अस्थिमज्जेत जागा पटकावतात. तिथे त्यांना आणखी वेगळे निरोप मिळतात, त्यातला एक एप्रिल नावाचा. महिन्याशी संबंध नाही, प्रथिनाचंच नाव तसं आहे. तो ऐकण्यासाठी या पेशी बीसीएमए नावाचं प्रथिन अंगावर आणतात. ‘जिवंत राहा, काम चालू ठेव’ एवढाच निरोप. त्यावर काही पेशी वर्षानुवर्षं जगतात. त्यांच्यातल्या जुन्याजाणत्यांच्या अंगावर सीडी१९ नसतंच.

किती वर्षं टिकू शकतं हे सगळं? २००८ मध्ये ‘नेचर’मध्ये एक अभ्यास आला होता. १९१५ किंवा त्याआधी जन्मलेल्या ३२ जणांचं रक्त तपासलं, वयं ९१ ते १०१. सगळ्यांच्या रक्तात १९१८ च्या फ्लूच्या विषाणूला ओळखणाऱ्या अँटिबॉडीज होत्या. नव्वद वर्षांनंतर! तितकी जुनी स्मृती टिकवायला स्मरण ठेवणाऱ्या बी पेशीही लागतात, तेही त्यात दिसलं.

कोडं सुटलं ना? गोवराची अँटिबॉडी बनवणाऱ्या जुन्या पेशी अस्थिमज्जेत होत्या, सीडी१९ शिवाय. कार-टी पेशी शेजारून गेल्या आणि त्यांना ओळखच पटली नाही. डीएनएविरुद्धची अँटिबॉडी मात्र मुख्यतः नव्या, सतत भरती होणाऱ्या, सीडी१९ वाल्या पेशींकडून येत असावी. भरतीच बंद झाली, म्हणून ती आटली. ११२ दिवसांनी ज्या बी पेशी परत आल्या, त्या नव्या कोऱ्या होत्या, निरागस म्हणा. त्या पुन्हा बिघडल्या नाहीत, निदान त्या अभ्यासाच्या काळात.

म्हणजे प्रथिनाची निवड ही या उपचाराची बारीकशी तांत्रिक बाब नाही, जवळपास सगळं त्यावर आहे. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात २०२० मध्ये अतिगंभीर ल्युपसच्या दोन रुग्णांना डॅरॅट्युमुमॅब दिलं. ते सीडी३८ वर बसतं, आणि ते प्रथिन जुन्या प्लाझ्मा पेशींवरही भरपूर असतं. रुग्ण सुधारले, पण लशींच्या अँटिबॉडीजही खाली आल्या. कुणाचा आजार जुन्या पेशी चालवत असतील तर त्याला असंच काही लागेल, आणि त्याची किंमत म्हणून लशींचं कवचही पातळ होईल. सीडी१९ वाली बातमी वाचून ‘ल्युपस संपला’ म्हणणं म्हणूनच घाईचं आहे. आठ जणांत जमलं. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

निरोप मुळातच चुकीचा आला तर

बहिणीचा पुढचा प्रश्न हाच होता: “पण माझ्या पेशींना सांगितलं कुणी?”

प्रत्येकाच्या बाबतीत उत्तर एकच नाही. पण २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये कॅरोला विनुएसा यांच्या गटाचा एक शोधनिबंध आला, त्यातून एक धागा हाती लागतो. स्पेनमधल्या एका मुलीला लहानपणीच ल्युपस झाला होता. तिच्या टीएलआर७ या जनुकात एका अक्षराचा बदल सापडला. टीएलआर७ हे पेशीच्या आत बसलेलं पहारेकरी प्रथिन. विषाणूचा आरएनए दिसला की ते आरडाओरडा करतं. या मुलीत ते अतिसावध झालं होतं, घरच्या माणसालाही चोर समजत होतं. तोच बदल उंदरांत केला, तर उंदरांना ल्युपससारखा आजार झाला. टीएलआर७ चं जनुकही एक्स गुणसूत्रावर आहे. स्त्रियांमध्ये दोन एक्स असतात, त्यातलं एक बहुतेक बंद असतं, पण हे जनुक काही पेशींत दोन्हीकडून चालू राहतं. ल्युपसच्या दर दहा रुग्णांपैकी साधारण नऊ स्त्रिया असतात, त्यामागचं हे एक कारण असू शकतं.

आता बहीण रोज घेते ती गोळी, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. मूळची मलेरियाची. ती पेशीच्या ज्या कप्प्यात टीएलआर७ बसतं, तिथेच जाऊन साठते आणि त्याचा आवाज खाली आणते. म्हणजे बहीण गेली सहा वर्षं सिग्नल अडवणारा उपचारच घेत आहे, फक्त त्याच्यावर कुणी रील बनवत नाही!

एकदा या गोळीचंही नाव गाजलं होतं, मार्च २०२० मध्ये. कोविड होऊ नये म्हणून ती घ्या असं वातावरण झालं आणि पाहता पाहता औषधांच्या दुकानांतून ती संपली. पुढे कोविडवर तिचा उपयोग नाही हे सिद्ध झालं. आम्ही तेव्हा तीन गावांतल्या नातेवाईकांना फोन करून पट्ट्या गोळा करत होतो. ज्यांना ती खरंच लागत होती त्यांना मिळत नव्हती. त्यामुळे ल्युपसवरचा व्हायरल मेसेज पाहिला की मला आधी ते दिवस आठवतात.

निरोपांचं दुसरं उदाहरण रिटुक्सिमॅबचं. ते सीडी२० या बी पेशींवरच्या दुसऱ्या प्रथिनावर बसतं. कागदावर ल्युपसला चालायला हवं होतं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ते अपेक्षेला उतरलं नाही. अवयवांमध्ये दडलेल्या बी पेशी त्यातून सुटतात, हे एक कारण दिलं जातं. दुसरं मला जास्त बोलकं वाटतं: बी पेशी कमी झाल्या की त्यांना जगवणारा बॅफ नावाचा निरोप रक्तात वाढतो, कारण तो घेणारं कुणी उरलेलं नसतं. मग परत येणाऱ्या पेशींना, त्यात बिघडलेल्याही आल्या, जगायला आयतं खतपाणी मिळतं. हा बॅफच अडवणारं बेलिमुमॅब अमेरिकेत २०११ मध्ये ल्युपससाठी मंजूर झालं.

ओसाका, फिलाडेल्फिया आणि २०२१ चा एप्रिल

१९८६ मध्ये ओसाका विद्यापीठात तादामित्सु किशिमोटो आणि तोशिओ हिरानो यांच्या गटानं बी पेशीला अँटिबॉडी बनवायला लावणाऱ्या एका प्रथिनाचं जनुक वेगळं केलं. नाव दिलं बीएसएफ-२, म्हणजे बी पेशीला चालना देणारा घटक क्रमांक दोन. आज त्याला आयएल-६ म्हणतात. त्याचा निरोप अडवणारं औषध म्हणजे टोसिलिझुमॅब.

२०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला रक्ताच्या कर्करोगासाठी कार-टी दिलं. ती मरणाच्या दारात पोचली, कारण चेकाळलेल्या पेशींमुळे तिच्या रक्तात आयएल-६ प्रचंड वाढलं होतं. तिच्यावर उपचार करणाऱ्या गटातले कार्ल जून यांना टोसिलिझुमॅब माहीत होतं, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला संधिवात होता आणि हे औषध संधिवातावर वापरतात. ते दिलं आणि एमिली वाचली. आज कार-टी देणाऱ्या रुग्णालयांत हे औषध हाताशी ठेवतात. आणि हो, २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत आपल्याकडे लोक ज्या इंजेक्शनसाठी वणवण फिरत होते, त्यातलं एक हेच. तेव्हा ट्विटरवर ‘टोसी हवंय, पुणे’ असे मेसेज पुढे पाठवलेल्यांपैकी कुणाला माहीत होतं, की हे सगळं बी पेशीच्या एका निरोपापासून सुरू झालंय!

आणि आपल्याकडे?

इथे मुंबईचा खरा संबंध येतो. सीडी१९ वरचीच कार-टी, नेक्सकार१९, आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत आणि टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांसोबत विकसित झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला भारतात मान्यता मिळाली, ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत ती सुरू झाली. मार्च २०२५ मध्ये तिच्या चाचण्यांचे निष्कर्ष ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’मध्ये आले. तपासता आलेल्या ५१ रुग्णांपैकी ७३ टक्क्यांमध्ये उपचाराला प्रतिसाद दिसला. जानेवारी २०२५ मध्ये बंगळुरूच्या इम्युनीलनं दुसरी कार-टी बाजारात आणली.

पण या दोन्हींची मान्यता बी पेशींच्या कर्करोगांसाठी आहे. ल्युपससाठी नाही. कर्करोगात सीडी१९ निवडण्याचं कारणही वेगळं: तिथे बिघडलेली पेशी स्वतःच बी पेशी असते आणि सीडी१९ अंगावर मिरवते. कधी कधी उपचारानंतर कर्करोगाच्या पेशी सीडी१९ दाखवणंच बंद करतात आणि आजार परत येतो. प्रथिन दिसणं-न दिसणं हा तिथेही जीवनमरणाचा प्रश्न आहे.

खर्च? नेक्सकार१९ साधारण ४० लाख रुपयांच्या घरात असल्याच्या बातम्या आल्या. अमेरिकेत याच जातीचे उपचार तीन-चार कोटींच्या पुढे जातात, त्या तुलनेत ही मोठी झेप आहे आणि मला तिचा अभिमान वाटतो. तरी ४० लाख म्हणजे आमच्या मावशीचं राहतं घर. कर्करोगात दुसरा पर्याय उरलेला नसतो तेव्हा माणसं घर विकतात. गोळ्यांवर आटोक्यात असलेल्या ल्युपससाठी कुणी विकावं का, हा प्रश्न रील विचारत नाही. शिवाय धोकेही आहेत. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं कार-टीच्या वेष्टनावर टी पेशींच्या कर्करोगाचा इशारा छापायला लावला. प्रमाण कमी आहे, पण विशी-पंचविशीतल्या रुग्णाला पुढे पन्नास वर्षं काढायची असतात.

मला जास्त आशा वाटते ती वेगळ्या दिशेची. पेशी बाहेर काढायच्याच नाहीत, एमआरएनए मेदाच्या सूक्ष्म थेंबांत भरून टोचायचा आणि टी पेशी शरीरातच काही दिवसांपुरत्या कार-टी बनवायच्या. जून २०२५ मध्ये ॲबव्ही या बड्या कंपनीनं यावर काम करणारी कॅपस्टन ही कंपनी २.१ अब्ज डॉलरपर्यंतच्या व्यवहारात विकत घेण्याची घोषणा केली, म्हणजे पैसा कुठे वाहतोय ते दिसतंच. हे जमलं तर प्रत्येक रुग्णासाठी वेगळी प्रयोगशाळेतली शिलाई लागणार नाही, तयार कपड्यांसारखं होईल, आणि किंमत खाली येऊ शकेल. अजून ते चाचण्यांच्या टप्प्यात आहे.

बहिणीला हे सगळं फोनवर सांगायला पाऊण तास लागला. मध्ये मावशीनं दोनदा “जेवलास का?” विचारलं. शेवटी बहीण म्हणाली, “म्हणजे माझ्या पेशींवर काय आहे आणि माझा आजार कुठल्या पेशी चालवतायत, हे त्या रीलवाल्याला माहीत नाही.”

“नाही. तुझ्या डॉक्टरांनाही ते पूर्ण माहीत असेल असं नाही. पण डीएनएविरुद्धची अँटिबॉडी, सी३ आणि सी४, लघवीतलं प्रथिन, हे आकडे त्यांच्याकडे आहेत. ते गेल्या वेळेपेक्षा कुठे गेलेत ते विचार. आणि गोळीमुळे डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करायची असते, ती केलीस का या वर्षी?”

पलीकडे जरा वेळ शांतता.

“राहिलीये,” ती म्हणाली. “गुरुवारी घेते अपॉइंटमेंट.”